आधी भार, मग हात

त्या जाकिटातून अश्लेषा डोंगरवारला काय काय मिळणार होतं, याचा हिशेब तिच्या सासूबाईंनी चहा गाळून होईपर्यंत मांडून टाकला होता. राष्ट्रीय पंचांच्या यादीत नाव येणार. नाव आलं की नागपूरच्या शाळेतून चंद्रपूरला होऊ घातलेली बदली टळणार. आणि वर्षानुवर्षं गॅलरीतून "मॅडम, चष्मा लावा" म्हणून ओरडणाऱ्यांची तोंडं बंद होणार.

"आणि त्यासाठी करायचं काय, तर एक जाकीट घालायचं," सासूबाई म्हणाल्या. "माझा लग्नातला शालू याच्याहून जड होता बाप्पा. तो नेसून मी काय मिळवलं, ते हा समोर बसलाय."

समोर बसलेला हर्षल, म्हणजे अश्लेषाचा नवरा, बिस्कीट बुडवण्यात गुंग होता. त्यानं हा वार मुकाट्यानं झेलला.

अश्लेषा हसली खरी, पण तिला हवी असलेली गोष्ट या हिशेबात नव्हतीच. तिला बरोबर असायचं होतं. चारचौघांनी आपल्याला बरोबर म्हणावं, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. तिचं त्यावर भागत नव्हतं, आणि अशी माणसं घरात जरा महागच पडतात.

तिचं दुखणं जुनं होतं. बास्केटबॉलमध्ये बास्केटखाली, ज्या जागेला पोस्ट म्हणतात, तिथे दोन धिप्पाड खेळाडू एकमेकींना चिकटून उभ्या असतात. एकीची पाठ, दुसरीची छाती आणि कोपरापुढचा हात. बॉल यायच्या आधी जागेसाठी रेटारेटी चालते. त्यातली किती रास्त आणि कितीला फाउल म्हणायचं, हे पंचानं बाहेरून ठरवायचं. बाहेरून काय दिसतं? दोन जर्सी. खरा व्यवहार त्या दोघींच्या मधल्या फटीत होतो, आणि त्या फटीत ना डोळा शिरतो ना कॅमेरा.

डॉ. पोंक्षे हे पुण्याचे मज्जासंस्थेचे संशोधक. त्यांनी आधी सोपा मार्ग धरला होता. दाबलं की सूक्ष्म वीज तयार करणारा धागा त्यांनी जर्सीत विणला. अंगठ्याएवढ्या प्रत्येक तुकड्यावर किती जोर पडतोय, ते संगणकाला कळू लागलं. शिट्टी वाजवायचं काम संगणकाकडेच दिलं. पहिल्या सामन्यात खेळ कमी आणि शिट्ट्या जास्त झाल्या, आणि प्रेक्षक उठून गेले. कारण नियम स्पर्शाविरुद्ध नाहीच. स्पर्शानं समोरचीचा हक्क हिरावला का, एवढंच नियम विचारतो. जोर मोजता येतो. हक्क समजून घ्यावा लागतो.

मग पोंक्ष्यांनी उलटा विचार केला. जोर यंत्रानं पकडायचा, पण द्यायचा तो माणसाच्या अंगाला. पंचाच्या जाकिटात हवेच्या बारीक पिशव्या आणि थरथरणाऱ्या चकत्या बसवल्या. पोस्टवरच्या दोघींपैकी जिची पाठ, तिचा दाब पंचाच्या पाठीवर. जी मागे उभी, तिचा दाब पंचाच्या छातीवर आणि हातावर. खऱ्या जोराचा थोडाच अंश, पण नकाशा तोच.

"सुरुवातीला तुम्हाला जाकीट जाणवेल," पोंक्षे प्रशिक्षणात म्हणाले होते. "काही दिवसांनी जाकीट नाहीसं होईल आणि माणसं जाणवतील. मेंदू अंगावरच्या खबरीची वाट बघत बसत नाही. पुढे काय लागणार याचा तो आधीच अंदाज बांधतो, आणि खबर आली की अंदाज दुरुस्त करतो. तुमच्या मेंदूला या मुलींचे अंदाज बांधायला शिकवायचंय, बस."

महिलांच्या सामन्यांना जाकीट बाईनंच घालायचं हे ओघानं आलं. खेळाडूंच्या संघटनेनं दोन अटी घातल्या. सामना संपताच जर्सीतली सगळी नोंद पुसायची. आणि पंचानं शपथ घ्यायची, की दुसरीच्या अंगातलं जे आपल्या अंगाला कळलं, ते कुणालाही सांगणार नाही. कोण लंगडतंय, कोणाचे दिवस चालू आहेत, कोण दमलंय, यातलं काही बाहेर गेलं तर सट्टेवाल्यांची दिवाळी. अश्लेषानं शपथ घेतली. शपथ घेताना माणसाला ती दुसऱ्यांविषयी आहे असंच वाटतं.

हंगाम निम्मा होईस्तोवर कोणाची पाठ आहे हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. ऋजुता देवतळे रेलायची ती ऐसपैस, पंगतीत शेजारणीच्या पाटावरही मांडी पसरणाऱ्या बाईसारखी. तिची जन्माची प्रतिस्पर्धी तनया कुकडे. तिचा हात हलका. दार लोटलेलं आहे की कडी लावलेली, हे पाहावं तसा तो पाठीला लागायचा. दोघी शाळेपासून एकमेकींविरुद्ध खेळत आलेल्या. मैदानाबाहेर त्यांना बोलताना कोणी पाहिलं नव्हतं. पोस्टवरच्या पोरींचा मात्र एक जुना रिवाज होता. पहिल्या काही मिनिटांत किती रेटायचं ते एकमेकींच्या अंगानं ठरवून घ्यायचं, मग तक्रार करायची नाही. आणि तिथे समोरचीचं जे कळेल ते तिथेच ठेवायचं. त्याला त्या म्हणायच्या, पाठीतलं पाठीत.

राज्य लीगचा अंतिम सामना नागपुरातच झाला. एका बाजूला ऋजुता, दुसऱ्या बाजूला तनया, शिट्टी अश्लेषाकडे.

तिसऱ्या सत्रात बॉल ऋजुताच्या संघाकडे होता. ती पोस्टवर पाठ करून उभी, मागे तनया. अश्लेषाच्या कमरेच्या वर एक दाब आला. रोजचा दार चाचपणारा नव्हे. भक्कम, सलग, कोपरापासून मनगटापर्यंतचा. पाठीत असा हात ठेवून रेटणं म्हणजे पुस्तकातलं उदाहरण. तिनं शिट्टी वाजवली.

तनयानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मॅडम?" एवढंच म्हणाली. एरवी ती तेवढंही बोलायची नाही.

थोड्या वेळानं पुन्हा तोच दाब. पुन्हा शिट्टी. मग चौथ्या सत्रात आणखी दोनदा. तनयाचे चार फाउल झाले. पाचवा झाला की बाहेर, आणि तिच्या संघाकडे तिच्या उंचीची दुसरी कोणी नव्हती. तिचा कोच कडेवरून किंचाळत होता, "हात काढ! तनया, हात काढ तिच्या पाठीतून!"

पुढच्या वेळी ऋजुता तशीच रेलली. अश्लेषाच्या पाठीवर दाब आला, क्षणभर राहिला, आणि गेला.

तनया एक पाऊल मागे सरकली होती. ऋजुता सरळ मागे कोसळली, माकडहाडावर. तो आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. ती उठली नाही. पाय हलवायला सांगितलं तर ती आपल्या पायांकडे परक्याच्या सामानाकडे पाहावं तशी पाहत राहिली.

या डावाला कोर्टवर नाव आहे, खुर्ची काढणं. रेलणारीला रेलू द्यायचं आणि एकदम सरकायचं. नियमात तो फाउल नाही, कारण त्यात स्पर्शच नसतो. पण संध्याकाळपर्यंत घराघरात तो व्हिडिओ पोचला. ऋजुताच्या मणक्यातली फाटत आलेली गादी फुटून पायांकडच्या नसा चिरडल्या गेल्या होत्या. ती पुन्हा चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि तनया कुकडे हे नाव महाराष्ट्रात शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं.

अश्लेषाला कोणी काही म्हटलं नाही. उलट चारही फाउल अचूक होते, पंचांनी वेळीच धोका ओळखला होता, असं टीव्हीवरचे जाणकार सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा सगळे तिला बरोबर म्हणत होते.

आठवड्याभरानं, सकाळी, स्वयंपाकघरात ती वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंच करून उभी होती, तेव्हा तो हात आला. जाकीट कपाटात होतं. हर्षल अंघोळीला गेला होता. तरी कमरेच्या वर, कोपरापासून मनगटापर्यंत, तो हात लागला, तिला नीट धरून राहिला आणि गेला. डबा खाली, डाळ फरशीभर, आणि ती ओट्याची कड दोन्ही हातांनी पकडून उभी.

मग तो रोज येऊ लागला. शाळेत प्रार्थनेला. भाजी घेताना. आरशासमोर. भुतं एरवी माणसाचा चेहरा घेऊन येतात म्हणे. हे नुसता हात घेऊन यायचं, आणि घाबरवायचं ते येताना नव्हे, जाताना. खुर्चीला पाठ टेकवणं तिनं सोडून दिलं. हर्षलनं मागून खांद्यावर हात ठेवला तर ती थिजायची, आणि म्हणायची, "काढू नकोस." एकदा तो तसाच उभा राहिला आणि गॅसवरचं दूध सगळं उतू गेलं. पुढे तो सांगून काढायला शिकला. "काढतो हं, अशू," म्हणायचा, इंजेक्शन देणाऱ्या नर्ससारखा.

तिनं पोंक्ष्यांना फोन केला.

"हात तुटलेल्या माणसाला गेलेला हात जाणवत राहतो, तसंच आहे हे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजीहून कुतूहल जास्त होतं. "फरक एवढाच, की त्याला स्वतःचा जाणवतो, तुम्हाला दुसऱ्याचा. तुमचा मेंदू तो अंदाज पुन्हा पुन्हा बांधतोय. बसला असेल कुठेतरी अडकून."

"कशावर अडकलाय?"

"चुकलेल्या अंदाजावर. जिथे दुरुस्ती राहून गेलीय तिथे." मग घाईनं म्हणाले, "हे सध्या कुणाला बोलू नका. केंद्राचं कंत्राट व्हायचंय."

दुरुस्ती राहून गेलीय. अश्लेषानं ठरवलं की पुढच्या वेळी पळायचं नाही, नुसतं लक्ष द्यायचं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत, बॉलच्या जाळ्या मोजताना, तो आला. तिनं डोळे मिटले आणि श्वास धरला.

आणि तिला क्रम कळला.

ढकलणारीचा हात आधी येतो, मग पाठ वाकते. इथे पाठ आधी आली होती. ऋजुताचा भार आधी मागे आला, तोही ऐसपैस नव्हे. डावी बाजू पूर्ण सैल, पोतं भिंतीला टेकवावं तशी. त्या भाराखाली मग तनयाचा हात गेला होता. आधी भार, मग हात. तनया ढकलत नव्हती. उभं राहता न येणाऱ्या बाईला ती उभं धरत होती, प्रत्येक वेळी, हजारो लोकांसमोर, कुणाला कळू न देता. ढकलणारा जोर आणि सावरणारा जोर जर्सीच्या धाग्याला एकच होता. फरक कळावा म्हणूनच तर तिथे माणूस ठेवला होता. आणि त्या माणसानं शिट्ट्या मारून मारून तो हात काढायला लावला होता.

पाच फाउलच्या नियमात अश्लेषाचं एकही चुकलं नव्हतं. फक्त तनयाची खुर्ची तिनं काढली होती, आणि तनयाकरवी ऋजुताची.

चौकशी समिती पुढच्या सोमवारी बसणार होती. तनयावर आरोप होता जाणूनबुजून इजा केल्याचा. शिक्षा ठरलेली, आजन्म बंदी, आणि बंदी झाली की खेळाडू म्हणून मिळालेली नोकरीही जाणार. जर्सीची नोंद पुसलेली. ती सावरत होती, हे जगात एकाच जागी लिहिलेलं होतं, अश्लेषाच्या कातडीत. तिनं सांगायचं ठरवलं. आधी ऋजुताला विचारून यावं म्हणून ती हॉस्पिटलात गेली.

ऋजुता उशीला टेकून मोसंबी सोलत होती. अश्लेषानं क्रम सांगितला तशी तिचे हात थांबले.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," ती म्हणाली. "तनयालाही पहिल्याच मिनिटात कळलं होतं. डावा पाय महिन्यापासून बधिर होऊन राहिला होता माझा."

"मग खेळलीस काहून?"

"नोकरी कच्ची आहे मॅडम. पक्की व्हायला हा हंगाम पूर्ण हवा होता. पाय बरा आहे असं मी लिहून दिलं होतं." तिनं दाराकडे पाहिलं. बाहेर तिची आई कुणाशी तरी बोलत होती. "आज मी खेळताना पडलेली आहे. नोकरी राहिली, औषधपाणी खात्याचं. तुम्ही खरं सांगितलं तर मी लपवून पडलेली ठरेन. मग मला कोण ठेवेल? या पायांनी मी जाऊ कुठे?"

"आणि तनया?"

ऋजुतानं मोसंबीची एक फोड सुटी केली. "तिचे पाय आहेत ना," ती म्हणाली, आणि ती अश्लेषापुढे धरली. अश्लेषानं ती घेतली. अशा वेळी माणसं खातात, हे नवलच.

तनया तिला एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयामागच्या कोर्टवर भेटली. एकटीच रिंगवर बॉल मारत होती.

"मी समितीला सांगते," अश्लेषा म्हणाली. "तू तिला धरून होतीस."

"सांगून काय होईल?"

"तू सुटशील."

"आणि ऋजू?" तनयानं बॉल काखेत धरला. ऋजू हे नाव अश्लेषानं तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "पाठीतलं पाठीत, मॅडम. तुम्ही आमच्यात शिरलात, तर आमच्यासारखं वागा."

"पण तुझं सगळं जाईल."

"तुम्ही तेव्हा शिट्टी गिळायला पाहिजे होती," तनया म्हणाली. ती चिडलेली नव्हती, हेच वाईट होतं. "पहिल्या फाउलला मी बघितलं तुमच्याकडे. वाटलं, यांना तर जाणवतं, या समजतील. आता बोलून मला मोकळं करू नका. मी एक पाऊल मागे गेले, ते खरंच आहे. मला माहीत होतं ती पडेल. मॅच जिंकायची होती." तिनं बॉल पुन्हा रिंगकडे फेकला. तो कडेला लागून बाहेर गेला.

सोमवारी समितीचे अध्यक्ष साल्पेकर यांनी मोजकेच प्रश्न आणले होते. निकाल आधी ठरला की प्रश्न कमी लागतात.

"देवतळे पडल्या त्या क्षणी कुकडेंचा स्पर्श होता?"

"नव्हता."

"त्याआधी होता?"

"होता."

"म्हणजे त्यांनी तो काढून घेतला."

अश्लेषानं तनयाकडे पाहिलं. तनया समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. त्याच वेळी तो हात आला. भर समितीत, अश्लेषाच्या कमरेच्या वर, भक्कम. तिला वाटलं, हा आहे तोवर बोलून टाकावं.

"डोंगरवार मॅडम?"

"हो," ती म्हणाली. "काढून घेतला."

"आणखी काही सांगायचंय?"

"शपथेबाहेरचं काही नाही."

हात गेला. तिनं टेबलाची कड पकडली. साल्पेकरांना वाटलं, बाई हळव्या आहेत. त्यांनी पाणी मागवलं.

ऋजुतासाठी ती गप्प राहिली असं म्हणता येतं, आणि ते खोटं नाही. यादीतल्या नावासाठी गप्प राहिली असंही म्हणता येतं, आणि तेही सिद्ध करता येणार नाही, खोडताही येणार नाही. अश्लेषानं दोन्ही बाजू अनेकदा तपासल्या. तिला एवढंच कळलं, की चांगुलपणा आणि सोय एकाच दिशेला निघाली की आपण कोणाच्या मागे चाललोय ते पावलांवरून ओळखू येत नाही.

गोपनीयता पाळणारी पंच म्हणून समितीनं तिची स्तुती केली. पावसाळ्याआधी ती राष्ट्रीय यादीत आली. चंद्रपूर टळलं. सासूबाईंनी पेढे वाटले. जाकीट आता देशभर वापरतात.

मात्र त्या दिवसापासून अश्लेषानं पाठीवरच्या हाताचा फाउल दिलेला नाही. तिला देताच येत नाही. दाब आला की तिचा हात शिट्टीकडे जातो आणि अर्ध्यात थांबतो. ढकलतेय की सावरतेय? क्रम बघायला जावं, तर तिच्या पाठीतला तो तनयाचा हात आधीच येऊन बसलेला असतो, आणि त्याच्याखालचं काही नीट लागत नाही. समीक्षक लिहितात, या पंच खेळ वाहता ठेवतात. खेळाडूंना खरं लगेच कळलं. डोंगरवार मॅडमच्या सामन्यात मागची वाट्टेल तसं रेटते, कोपर खुपसते, आणि पुढची दात आवळून उभी राहते. मागच्या हिवाळ्यात दोघी जणी कमरेचा पट्टा लावून घरी बसल्या. एक एकोणीस वर्षांची होती. त्यांच्या पाठी अश्लेषाला रात्रंदिवस जाणवतात का, हे तिला कोणी विचारलेलं नाही.

तर गोळाबेरीज अशी. पोंक्ष्यांनी काही दिलं नाही, साल्पेकरांनी पाणी दिलं. ऋजुतानं पाय दिले आणि नोकरी राखली, आणि मोसंबी सोलताना तिचे हात अजून मधेच थांबतात असं तिची आई सांगते. अश्लेषानं आपली पाठ दिली, पण तिच्या बदल्यात तिला सासूबाईंच्या हिशेबातलं बरंच मिळालं. पट्टा लावून बसलेल्या त्या दोन पोरींना आपण कशाची किंमत भरली हे माहीतही नाही. बाकी सगळ्यांच्या वाट्याचं तनया कुकडेनं भरलं.

ती आता कामठीला मामाच्या प्लायवुडच्या दुकानात असते. वरच्या फळ्या काढायला तिला स्टूल लागत नाही. गिऱ्हाईक तिच्या उंचीकडे बघतं, मोबाइलमध्ये काहीतरी शोधतं, आणि विचारतं, "तुम्हीच ना त्या? त्या बिचारीला पाडणाऱ्या?"

तनया हातातली फळी भिंतीला टेकवते, ती घसरत नाही ना हे बघते, आणि मग सोडते.

"हो," ती म्हणते. "मीच."